कुत्रा अंगावर उड्या मारतो? मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्याला वळण कसं लावायचं

डांबर दहा महिन्यांचा आणि एकोणीस किलोचा होता तेव्हाची गोष्ट. लिफ्टचं दार उघडलं. आत सहाव्या मजल्यावरच्या आजी, हातात गिरणीतून आणलेला ज्वारीच्या पिठाचा डबा. डांबरने त्यांना सकाळपासून पाहिलं नव्हतं, एवढंच कारण त्याला पुरलं. पुढचे दोन पाय त्यांच्या छातीवर, डबा खाली, झाकण घरंगळत लिफ्टच्या कोपऱ्यात आणि माझा काळाकुळकुळीत कुत्रा क्षणात पांढरा. आजींची पाठ लिफ्टच्या भिंतीला लागली म्हणून त्या पडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. पदर झटकत म्हणाल्या, "याला जरा वळण लाव गं बाई."

आम्ही लालबागच्या जुन्या चाळीतले. चाळीचा टॉवर झाला तरी माणसं तीच, म्हणून प्रकरण पीठ भरून देण्यावर मिटलं. त्यानंतर मी इंटरनेटवरचे सगळे उपाय करून पाहिले. त्यातले अर्धे चुकीचे होते, आणि उरलेले अंगण असलेल्या बंगल्यांसाठी होते. आमच्याकडे साडेचारशे फुटांचं घर, एक सेफ्टी डोअर आणि गच्च भरलेली लिफ्ट. त्यात काय चाललं आणि काय फसलं, ते क्रमाने सांगते.

१. उडीचा मोबदला कोण देतंय ते शोधा

पिल्लं आईचं तोंड चाटतात. कुत्र्यांच्या जगात तो नमस्कार आहे. आपलं तोंड पाच फुटांवर, म्हणून तो उडी मारतो. यात उद्धटपणा नाही की 'मी मोठा' असं दाखवणंही नाही. असं सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

पण उडी टिकते ती आपल्यामुळे. त्याने उडी मारली की आपण काय करतो? त्याच्याकडे बघतो, "अरे अरे अरे!" म्हणतो, दोन्ही हातांनी ढकलतो. आपल्या दृष्टीने हे रागावणं असतं. त्याच्या दृष्टीने माणसाने बघितलं, माणूस बोलला, माणसाने हात लावला. तिन्ही गोष्टी एका उडीत. ढकलाढकली तर कुत्र्यांचा आवडता खेळच आहे.

शिवाय तीन किलोचं पिल्लू असताना याच उडीसाठी आपण त्याला उचलून मुके घेतलेले असतात. नियम आपण बदलला, त्याला कोणी कळवलेलं नाही. तुमच्याकडे आत्ता पिल्लू असेल तर आजपासूनच त्याला खाली वाकून भेटा. पुढचं अर्धं काम वाचेल.

२. सामान जमवा

- छातीवरून जाणारा हार्नेस आणि सहा फुटांचा साधा पट्टा. बटण दाबल्यावर लांब होत जाणारा पट्टा नको. लिफ्टमध्ये तो धोक्याचा आहे, त्याबद्दल पुढे.
- कमरेला लावायची छोटी पिशवी. खाऊ हाताशी हवा, स्वयंपाकघरातून आणेपर्यंत कुत्रा कशासाठी शाबासकी मिळाली ते विसरलेला असतो.
- खाऊ: मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन किंवा पनीर, मटारच्या दाण्याएवढे तुकडे. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त खाऊ नको, तेवढं जेवण कमी करा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट अजिबात नाही.
- गोधडीचा एक जुना तुकडा. ही त्याची जागा.
- दाराजवळच्या खुंटीवर टांगलेला जास्तीचा पट्टा. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट.
- कापलेली नखं. घरी कापायची भीती वाटत असेल तर डॉक्टरांकडून कापून घ्या. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आम्हाला जवळ, तुमच्या भागात एखादा दवाखाना असेलच.

३. 'खाली' हा शब्द बाद करा

आमचा पहिला महिना या एका शब्दाने खाल्ला. डांबरने उडी मारली की मी ओरडायचे, "खाली!" आणि तो आणखी चेकाळायचा. कारण रोज संध्याकाळी मी पट्टा हातात घेऊन काय म्हणायचे? "चल, खाली जायचं?" मुंबईत बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या मराठी कुत्र्याच्या कानाला 'खाली'इतका गोड शब्द दुसरा नाही. मी त्याला उतरायला सांगत होते, आणि त्याला वाटत होतं फिरायला निघालो.

'बस'चंही तेच. "बस झालं आता", "बस आली का?", "अगं बस ना, चहा टाकते". दिवसभरात हा शब्द त्याच्या कानावरून इतक्या वेळा जातो की त्याला अर्थच उरत नाही. त्यात माझा नवरा 'सिट' म्हणायचा आणि कामाला येणाऱ्या मावशी 'बैठ'. एक कुत्रा, तीन भाषा.

म्हणून घरातल्या सगळ्यांना, मावशींनाही, एकदा समोरासमोर बसवा आणि चार गोष्टी ठरवा:

- बसायला सांगायचा शब्द एकच. आम्ही 'बैस' ठेवला, कारण घरात माणसांना तसं कोणी म्हणत नाही.
- बरोबर केल्याची खूण म्हणून एक छोटा शब्द. आमचा 'हां!'. तो उच्चारला की खाऊ मिळणारच.
- उडीला कोणीही, कधीही, लाडानेसुद्धा प्रतिसाद द्यायचा नाही.
- उडी मारल्यावर 'नाही', 'नको', 'अरे' यातलं काहीच बोलायचं नाही.

तिसरी अट सगळ्यात अवघड. दहातल्या नऊ उड्या फुकट गेल्या आणि दहावीला आजोबांनी "आला का माझा राजा" म्हटलं, तर कुत्रा त्या दहावीसाठी आणखी शंभर मारतो. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस रोज कुठे जिंकतो?

४. घरातल्या घरात: चार पाय जमिनीवर

सुरुवात घरच्यांपासून, शांत वेळी, पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा.

खोलीत या. कुत्रा तुमच्याकडे येईल. त्याचे चारही पाय जमिनीवर असतानाच, उडी मारण्याआधी, "हां!" म्हणा आणि खाऊ जमिनीवर ठेवा. जमिनीवर, हातातून नाही. हात वर असला की तोंड वर येतं, तोंडामागून पाय. खाऊ खाली पडतो हे कळलं की कुत्रा माणूस दिसताच खाली बघायला लागतो, आणि खाली बघत उडी मारता येत नाही. मला कोणी ही एकच युक्ती सांगितली असती तरी पुरे होतं.

उडी मारलीच तर हात छातीशी घ्या, मान वळवा, पाठ फिरवा. दरवाजा जवळ असेल तर गुपचूप बाहेर जा आणि पाच-दहा सेकंदांनी परत या. पाय खाली दिसले की लगेच "हां!" आणि खाऊ. 'लगेच' म्हणजे एका सेकंदात. त्यापेक्षा उशीर झाला तर शाबासकी दुसऱ्याच कशाला तरी मिळते.

नुसतं पाठ फिरवून मात्र भागत नाही. पाठ फिरवल्यावर पाठीवर उडी मारणारे महाभाग असतात, डांबर त्यातलाच. कुत्र्याला 'हे करू नको' समजत नाही, 'याऐवजी ते कर' समजतं. म्हणून 'बैस' वेगळं शिकवा. खाऊ नाकाशी धरा, हळूच डोक्यावरून मागे न्या, नाक वर जाईल तसा पार्श्वभाग आपोआप टेकतो. टेकला की "हां!". हाताच्या इशाऱ्यावर सलग पंधरा-वीस वेळा बसला की मग शब्द जोडा.

गुळगुळीत टाइल्सवर बसायला काही कुत्र्यांना आवडत नाही, विशेषतः बारीक अंगाच्या गावठी कुत्र्यांना. मागचे पाय घसरतात. तसं असेल तर बसण्याचा हट्ट धरू नका, शांत उभा राहिला तरी चालेल. आजींचं पीठ वाचवायला तेवढं पुरतं.

५. बेल आणि सेफ्टी डोअर

परदेशी लेखांत लहान मुलांसाठीचं फाटक विकत आणायला सांगतात. आपल्या दाराला ते आधीच आहे. लाकडी दार उघडं आणि जाळीचा सेफ्टी डोअर बंद ठेवला की पाहुणा दिसतो, वास येतो, पण उडी पोचत नाही. इतकं चांगलं शिकवणीचं साधन दुसरं नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त बेल. घरातलं कोणीतरी बाहेर जाऊन बेल वाजवणार, आत कोणी येणार नाही. बेल वाजताच तुम्ही गोधडीच्या तुकड्यावर चार-पाच तुकडे टाकायचे. गोधडी दारापासून पाच-सहा फुटांवर, जिथून त्याला दार दिसेल अशी. रोज दहा वेळा. दुपारी दोन ते चार हा उद्योग करू नका, शेजारी झोपलेले असतात. बेल ऐकूनच कुत्रा बेभान होत असेल तर तिचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि अगदी हळू आवाजापासून सुरुवात करा. काही दिवसांत एक गंमत दिसेल: बेल वाजली की तो दाराकडे न धावता गोधडीकडे बघतो.

मग खरा पाहुणा, पण आधी सांगून ठेवलेला. शेजारची कॉलेजातली मुलगी आमची पहिली पाहुणी, तिची फी एक वडापाव. क्रम असा:

१. बेल वाजली की सगळ्यात आधी खुंटीवरचा पट्टा हार्नेसला लावा. दार नंतर.
२. लाकडी दार उघडा, सेफ्टी डोअर बंद.
३. कुत्रा जाळीवर पाय ठेवून उभा राहिला तर पाहुण्याने दोन पावलं मागे जायचं. पाय खाली आले की परत पुढे. उडीने माणूस लांब जातो आणि पाय टेकले की जवळ येतो, हे गणित कुत्रे फार लवकर शिकतात.
४. शांत झाला की पट्ट्यावर पाय ठेवून उभे राहा. ढील इतकी, की त्याला आरामात उभं राहता, बसता येईल, पण उडी अर्ध्यावर थांबेल. नुसतं उभं राहूनच ताण येत असेल तर पट्टा फार आखूड धरलाय.
५. आता सेफ्टी डोअर उघडा. पाहुणा आत येऊन खाली बघत खाऊ टाकेल, मग बाजूने छातीला खाजवेल. डोक्यावर थोपटायला वरून हात नेला की तोंड वर येणार.

सामान आणून देणारी मुलं दिवसाला तीनदा बेल वाजवतात. त्यांच्यावर प्रयोग करू नका. ती घाईत असतात, कित्येकांना भीती वाटते, आणि पळणाऱ्या माणसामागे कुत्रा धावतोच. त्या वेळी डांबर सरळ आतल्या खोलीत. त्याला आत ठेवलं म्हणजे हार मानली असं नाही. जी उडी घडतच नाही, ती पक्कीही होत नाही.

६. लिफ्ट

लिफ्ट सगळ्यात शेवटी घ्या. जागा चार बाय चार, माणूस अचानक समोर येतो आणि मागे सरकायला वाट नसते. घरात दोन आठवड्यांत सुधारलेल्या डांबरला लिफ्टमध्ये तीन महिने लागले.

दाराच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा. दार उघडताच आत कोण आहे ते तुम्ही आधी पाहा, कुत्र्याने नंतर. कोणी घाबरल्यासारखं दिसलं तर "तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीने येतो" म्हणा. आत शिरताना पट्टा हाताशी आखूड धरा, कुत्रा आणि तुम्ही एकत्रच शिरा. पट्टा दारात अडकून कुत्रा बाहेर आणि माणूस आत राहिला तर लिफ्ट चालू होते आणि जिवावर बेततं, म्हणूनच लांब होणारा पट्टा नको. जुन्या बिल्डिंगमध्ये सरकत्या जाळीचा दरवाजा असेल तर पंजे सांभाळा.

आत कोपरा पकडा. कुत्रा भिंत आणि तुमच्या पायांच्या मध्ये, तुम्ही माणसांच्या बाजूला. मजला येईपर्यंत जमिनीवर एकेक तुकडा टाकत राहा.

सोसायटी म्हणाली कुत्रा लिफ्टमध्ये नकोच, तर? भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. पण त्या सूचनांचा कागद नाचवण्याआधी कुत्रा शांत उभा राहील एवढं करा. बाजू आपली असली तरी त्या लिफ्टमध्ये रोज त्याच माणसांसोबत उभं राहायचंय.

७. खाली, गेटवर, रस्त्यावर

(हो, इथे 'खाली' चालेल.)

मुलांची गोष्ट वेगळी असते. ती किंचाळतात, हात वर करून पळतात, म्हणजे कुत्र्याला हवं ते सगळं करतात. "पळू नका" सांगून उपयोग नाही. मी आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांना 'स्टॅच्यू' खेळायला सांगितलं: डांबर आला की स्टॅच्यू, हात बाजूला चिकटलेले, नजर बुटांवर. जो हलेल तो बाद. तीन दिवसांत मुलं माझ्यापेक्षा कडक शिक्षक झाली.

मोठ्या माणसांत दोन जाती. एक घाबरणारे, त्यांच्यासाठी रस्ता ओलांडा. दुसरे "असू दे हो, मला कुत्रे आवडतात" म्हणत छाती पुढे करणारे. दुसरे जास्त घातक. त्यांना मी हसून सांगते, "तो शिकतोय, बसल्यावरच हात लावा." ऐकलं तर ठीक, नाहीतर पट्ट्यावर पाय ठेवून पुढे.

कोंडलेली ताकद उडीतच बाहेर पडते, म्हणून पाहुणा येण्याआधी फेरी झालेली बरी. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर न्या. तळहाताची मागची बाजू डांबरावर (रस्त्यावरच्या!) पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. जुलैच्या पावसात फेरी बुडाली तर जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाऊ लपवा आणि त्याला हुंगत शोधू दे. पंधरा मिनिटं नाक चालवून तो बऱ्यापैकी दमतो. पावसाळ्यात सराव सोडू नका एवढंच, चिखलाच्या पंजांचा ठसा पांढऱ्या शर्टावरून जात नाही.

८. मध्येच बिघडेल, तेव्हा

आठवड्याभरात एक दिवस असा येतो की उड्या दुपटीने वाढतात. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. लिफ्टचं बटण दाबल्यावर ती आली नाही तर आपण काय करतो? लगेच जिना धरत नाही, आधी बटण पाच-सहा वेळा जोरजोरात दाबतो. कुत्रा तेच करत असतो. इथे तुम्ही वैतागून ओरडलात, तर जोरात दाबल्यावर लिफ्ट येते हे तो शिकला. दोन-तीन दिवस कळ काढा, मग तो जिना धरतो.

सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्यांचं टवाळ वय. शिकलेलं विसरल्यासारखं करतात. एक पायरी मागे जा, परत खाऊ वाढवा.

९. हे करू नका

छातीत गुडघा मारणं, मागच्या पंजावर पाय देणं, पुढचे पाय धरून दाबणं. हे तिन्ही सल्ले मला मिळाले, पहिला मी एकदा पाळलाही. डांबर माझ्यावर उडी मारायचा थांबला नाही, माझ्या जवळ यायला मात्र चार दिवस कचरत होता. प्रशिक्षक ठेवणार असाल तर एकच प्रश्न विचारा: "कुत्रा चुकला की तुम्ही काय करता?" उत्तरात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), काटेरी पट्टा किंवा शॉक आला तर चहा पाजून पाठवून द्या.

अंग ताठ, मानेवरचे केस उभे, गुरगुर, किंवा उडीसोबत दात लागणं, हा नमस्कार नव्हे. तिथे हा लेख पुरणार नाही. आधी डॉक्टर, मग वर्तनाचं जाणणारा प्रशिक्षक.

१०. कागदपत्रं, आणि ओरखडा निघालाच तर

एका फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा:

- रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, पुढची तारीख दिसेल असं
- महापालिकेचा श्वान परवाना (लसीच्या प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही, दरवर्षी नूतनीकरण करायचं)
- इतर लसींचं कार्ड आणि डॉक्टरांचा नंबर

नखाचा ओरखडा निघाला तर "आमचा कुत्रा चांगला आहे हो" म्हणत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्त आलं नसलं तरी. लसीचं प्रमाणपत्र सोबत न्या आणि खर्च स्वतःहून द्या. पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गणपतीत मात्र मी कुठलाही पराक्रम करत नाही. घरात दिवसाला तीसेक माणसं, बेल वाजवायची कोणाला सवय नाही, प्रत्येकाच्या हातात प्रसादाची वाटी. डांबर आतल्या खोलीत, पंखा चालू, चघळायला काहीतरी, आणि मध्ये मध्ये पट्ट्यावर एक फेरी. आजी येतात तेव्हा तेवढा त्याला बाहेर आणते. तो बसतो, त्या मोदकाचा हात पाठीमागे लपवून उभ्या राहतात.

फक्त पुण्याहून येणाऱ्या माझ्या भावासमोर सगळं मुसळ केरात. तो दोन महिन्यांनी एकदा येतो, दारातच हात पसरून "ये रे माझ्या वाघा" म्हणतो आणि वाघ झेप घेतो. डांबरला शिकवून झालं. भावासाठी खुंटीवरचा पट्टा अजून तिथेच आहे.